पडीक जमिनीवरची फुले: उत्तर सह्याद्रीतील प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा इतिहास

शिवनेरी, पुरंदर आणि सज्जनगड ही नावे मराठी वाचकाला परिचित आहेत ती शिवचरित्रामुळे आणि रामदासांमुळे. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ही तीन नावे एकत्र आली की निराळीच आठवण होते. ह्या किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर, खडकाच्या भेगांत, शिंदळ माकडी नावाची एक मांसल खोडाची वनस्पती वाढते. पावसाळ्यात तिला पाने फुटतात, गडद तांबड्या रंगाची, पिवळ्या खुणांची, चांदणीसारखी फुले येतात. पाऊस सरला की पाने गळतात आणि खोड तेवढे कड्याला धरून राहते. पश्चिम महाराष्ट्रातील अशा मोजक्या कड्यांखेरीज ती जगात अन्यत्र कुठेही रानटी अवस्थेत सापडलेली नाही. निकल डाल्झेल ह्यांनी १८६० च्या दशकात तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले.

एका विशिष्ट भूभागापुरत्याच मर्यादित असलेल्या अशा वनस्पतींना मराठीत ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण त्यातील ‘निष्ठा’ थोडी फसवी आहे. मूळ युरोपीय संज्ञा, ‘एंडेमिक’, वैद्यकातली. एखाद्या मुलखात ठाण मांडून बसलेल्या रोगासाठी वैद्य ती वापरत. जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑगस्टिन पिराम द कांडोल ह्यांनी १८२० साली ती उचलून वनस्पतींना लावली. मराठी प्रतिशब्द घडवणाऱ्यांनी रोगाची छटा पुसून टाकली आणि तिच्या जागी निष्ठेची छटा आणली. परिणामी आपल्याला वाटू लागते की ही वनस्पती आपल्या मातीवर प्रेम करते आणि म्हणून इथून हलत नाही. वस्तुस्थिती अशी की शिंदळ माकडीचे खोड तोडून कुंडीत लावले तर ते सहज मूळ धरते. मांसल वनस्पतींचा संग्रह करणाऱ्या युरोपातील हौशी मंडळींकडे ती कितीतरी वर्षे सुखाने नांदते आहे. तेव्हा ती ह्या कड्यांवर आहे ती काही निष्ठेपोटी नव्हे. एका दीर्घ भूवैज्ञानिक आणि जैविक इतिहासाने तिला तिथे आणून सोडले, आणि पुढच्या वाटा बंद झाल्या.

‘प्रदेशनिष्ठ’ हे विशेषण म्हणजे वनस्पतीच्या इतिहासाविषयीचे एक विधान असते. त्याचबरोबर ते माणसाच्या शोधाच्या इतिहासाविषयीचेही विधान असते, कारण ‘अन्यत्र कुठेही नाही’ असे म्हणायचे तर अन्यत्र कुणीतरी जाऊन पाहिलेले असावे लागते. उत्तर सह्याद्रीत कोणी, कुठे आणि कोणत्या ऋतूत पाहिले, आणि कोणत्या जमिनीकडे पाहण्याचे कारणच कोणाला वाटले नाही, ह्याचा हा थोडक्यात आढावा.

दक्षिण आणि उत्तर

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेली सह्याद्रीची रांग जगाच्या जैवविविधतेच्या नकाशावर ठळकपणे आली ती नॉर्मन मायर्स ह्या ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञामुळे. मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जगातील २५ ‘हॉटस्पॉट’ निश्चित केले. त्यासाठी दोन कसोट्या होत्या: त्या भागात किमान १५०० प्रदेशनिष्ठ वनस्पती असाव्यात आणि मूळ अधिवासापैकी किमान ७० टक्के नष्ट झालेला असावा. पश्चिम घाट आणि श्रीलंका ह्या जोडप्रदेशासाठी त्यांनी ४७८० वनस्पतिजाती धरल्या आणि त्यांपैकी २१८० प्रदेशनिष्ठ मानल्या.

पण हे आकडे रांगेवर सारखे पसरलेले नाहीत. प्रदेशनिष्ठ वृक्षांची दाटी दक्षिणेला, अगस्त्यमलै, अण्णामलै आणि निलगिरीच्या परिसरात आहे. तिथे कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा असतो, आणि सदाहरित अरण्याला तेवढा सोसतो. जसजसे उत्तरेला यावे तसतसा हा काळ लांबतो आणि महाराष्ट्रात सात-आठ महिन्यांवर जातो. महाबळेश्वर किंवा आंबोलीला पाऊस काही थोडा पडत नाही. पण तो जूनमध्ये येतो, ऑक्टोबरात जातो, आणि मग आकाश पुढच्या जूनपर्यंत कोरडे. दक्षिणेकडच्या अनेक वृक्षजातींची उत्तरेकडची सीमा ह्या कोरड्या काळाने आखून दिली आहे.

ह्यावरून उत्तर सह्याद्री दरिद्री आहे असा निष्कर्ष दीर्घकाळ काढला गेला. अरण्य हीच संपत्ती असे एकदा ठरले की हा निष्कर्ष अटळच होता. प्रत्यक्षात उत्तरेची प्रदेशनिष्ठता अरण्यात फारशी नाहीच. ती उघड्या खडकावर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून झिजत घडलेले कडे, घाटमाथ्यावरची सपाट पठारे आणि कोकणातले जांभ्याचे सडे ही तिची ठिकाणे. सड्यावर माती बोटभर, कुठे तीही नाही. उन्हाळ्यात पाय ठेववत नाही इतका खडक तापतो आणि पावसाळ्यात त्याच खडकावर पाणी साचते. असल्या जागी वृक्ष उभा राहत नाही. टिकतात त्या तीन-चार महिन्यांत सगळा जन्म उरकणाऱ्या चिमुकल्या वनस्पती. काही कंदाच्या रूपाने जमिनीत दडून राहतात, काही केवळ बी मागे ठेवून जातात. नत्राची उणीव भरून काढण्यासाठी दवबिंदू आणि सीतेची आसवं ह्यांसारख्या काहींनी कीटक पकडण्याची युक्ती साधली आहे. शिवाय प्रत्येक पठार हे एक बेटच असते. मध्ये खोल दरी, दरीत झाडी, आणि पलीकडे पुन्हा तसेच उघडे पठार. समुद्रातल्या बेटांवर जशा वेगळ्या जाती घडतात तशाच त्या ह्या बेटांवरही घडल्या. कंदीलपुष्पांचा गट, म्हणजे शास्त्रीय भाषेत सेरोपेजिया, हे त्याचे उत्तम उदाहरण. ‘सेरोपेजिया लॉवी’ हरिश्चंद्रगडाची, ‘सेरोपेजिया पांचगणीएन्सिस’ पाचगणीची, ‘सेरोपेजिया महाबळेई’ जुन्नरकडची: एकेका डोंगराला एकेक जात दत्तक दिल्यासारखा हा प्रकार आहे.

उपयोगी आणि निरुपयोगी

पश्चिम किनाऱ्यावरच्या वनस्पतींविषयी छापील ग्रंथ फार लवकर तयार झाले. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यानंतर शतकभराने कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे ह्याने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा प्रचंड प्रकल्प हाती घेतला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲमस्टरडॅमहून निघाले. पहिल्या खंडात इट्टी अच्युतन ह्या मल्याळी वैद्याच्या साक्षीबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ह्या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र आहे. ते कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेले आहे. मुद्रणाच्या इतिहासात त्याला वेगळेच महत्त्व आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. हे दोन्ही ग्रंथ मुख्यतः उपयोगी वनस्पतींचे आहेत: औषध, मसाला, फळ, लाकूड. उपयोगी वनस्पती माणसाबरोबर प्रवास करते. तिचे बी गाठोड्यात बांधून नेले जाते, तिचे नाव दहा भाषांत पसरते. प्रदेशनिष्ठ वनस्पती बहुधा ह्याच्या नेमकी उलट असते. ती कुणाच्या बाजारात नसते, आणि तिला नाव असलेच तर त्या पंचक्रोशीपुरते असते. म्हणून ज्ञानाच्या पहिल्या फेरीत ती जवळजवळ सुटूनच गेली. अर्थात ‘निरुपयोगी’ हा शिक्का बाहेरच्यांचा. डोंगरातल्या लोकांनी कंदीलपुष्पाचे कंद खरपुडी म्हणून उकरून खाल्ले आहेत आणि कारवीच्या काठ्यांनी आपल्या झोपड्यांच्या भिंती उभारल्या आहेत. पण ते ज्ञान ग्रंथात आले नाही.

नोंदवह्यांतले सह्याद्री

शास्त्रीय नोंदींची खरी सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली, आणि ती केली सरकारी नोकरांनी, फावल्या वेळात. जॉन ग्रॅहॅम टपाल खात्यात होते. मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची त्यांची सूची छपाईत असतानाच १८३९ साली ते वारले, आणि जोसेफ निम्मो ह्या त्यांच्या मित्राने ती पुरी केली. सह्याद्रीत चौरा नावाचा एक वृक्ष आहे, पिवळ्या फुलांचा आणि काटेरी फळांचा. ह्या वृक्षाची सगळी प्रजातीच इथली आहे: तिच्यात जाती एक, आणि ती फक्त भारताच्या पश्चिम भागात. ग्रॅहॅम ह्यांनी त्याला ‘एरिनोकार्पस निम्मोनी’ असे नाव दिले होते. ज्याने पुढे आपले अपुरे पुस्तक पुरे केले त्याच मित्राचे नाव त्यांनी त्या पुस्तकात एका प्रदेशनिष्ठ वृक्षाला देऊन ठेवले होते, ही योगायोगाची पण हृद्य गोष्ट.

ग्रॅहॅमनंतर दोन नावे महत्त्वाची. अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते १८३८ पासून अधीक्षक होते आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डाल्झेल हे जकात खात्यातून आले आणि पुढे गिब्सन ह्यांच्याच जागी वनसंरक्षक झाले. दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. गिब्सन ह्यांनी दापोडीला एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली होती. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत. चित्रे अप्रतिम आहेत, पण चित्रकाराचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच कळते.

ह्या काळातील नोंदींची एक मोठी अडचण आजही अभ्यासकांना छळते. जे. एस. लॉ आणि जे. ई. स्टॉक्स ह्यांच्यासारख्यांनी गोळा केलेले नमुने क्यूच्या वनस्पतिउद्यानात पोचल्यावर त्यांना एक छापील चिठ्ठी लावली गेली. तिच्यावर स्थळ म्हणून ‘मलबार, कोकण, इत्यादी’ आणि संग्राहक म्हणून ‘स्टॉक्स, लॉ, इत्यादी’ असे एकत्रच लिहिलेले आहे. लंडनमध्ये बसून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींचे वर्णन करणाऱ्याला एवढी नोंद पुरेशी होती. जोसेफ हूकर ह्यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चे सात खंड (१८७२ ते १८९७) अशा नमुन्यांवर उभे आहेत. परंतु जी वनस्पती एकाच डोंगरावर वाढते तिच्या बाबतीत त्या चिठ्ठीवरचे ‘इत्यादी’ हे फार मोठे नुकसान आहे.

दुसरी मर्यादा ऋतूची होती. जुन्या सूची चाळल्या तर तीच ती स्थळे पुन्हा पुन्हा येतात: महाबळेश्वर, माथेरान, खंडाळा, पुरंदर. ही सगळी साहेबांची हवा खाण्याची ठिकाणे, नाहीतर रेल्वेच्या वाटेवरची. महाबळेश्वरला सरकार जाई ते उन्हाळ्यात आणि पावसाळा लागताच पुण्याला उतरे. पठारावरच्या प्रदेशनिष्ठ वनस्पती मात्र नेमक्या पावसात जन्मतात आणि बहुतेक ऑक्टोबरअखेर दिसेनाशा होतात. माणसे आणि फुले ह्यांची वेळापत्रके जुळत नव्हती. पुण्याच्या टप्प्यातले डोंगर तरी थोडेफार पाहिले गेले. दक्षिण कोकणातले सडे भर पावसात कोण तुडवणार? जुन्या नकाशावर ते रिकामे दिसतात ह्याचे एक कारण मला तरी हेच वाटते.

थिओडोर कुक ह्यांनी हे चित्र पुष्कळ बदलले. ते मुळात रेल्वेचे अभियंते, पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. निवृत्तीनंतर क्यू येथे बसून त्यांनी लिहिलेला ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ ह्या काळात प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी पश्चिम भारतातील वनस्पतींचा अभ्यासक तो हाताशी ठेवतो. कुक प्रत्येक जातीखाली स्थळ आणि संग्राहक देतात, आणि स्वतः नमुना पाहिला असेल तर पुढे उद्गारचिन्ह करतात. त्या नावांत वुड्रो आहेत, कानिटकर आहेत आणि नुसते ‘भिवा’ असेही एक नाव आहे. आडनाव नाही, हुद्दा नाही. दापोडीच्या चित्रकाराच्या वाट्याला जे आले नाही ते निदान अर्धे तरी भिवाच्या वाट्याला आले.

ह्या भारतीय सहायकांपैकी काहींची नावे वनस्पतींना मिळाली. आंबा घाटात सापडलेल्या सोनघंटेला १८९४ मध्ये ‘अब्युटिलॉन रानडेई’ असे नाव देण्यात आले, ते रानडे ह्या संग्राहकावरून. ती पुढे दीर्घकाळ कुणाला दिसली नाही, नामशेषच झाली असे मानले गेले, आणि मग पुन्हा सापडली. पुण्याच्या कृषिखात्यातील आर. के. भिडे ह्यांच्या नावाने गवताची एक प्रजातीच ओळखली जाते. त्या गवताचे पूर्ण नाव ‘भिडिया बर्न्सियाना’. विल्यम बर्न्स हे खात्यातले वरिष्ठ, भिडे त्यांचे सहायक. कचेरीतली उतरंड नावात उलटी झाली: कुळी सहायकाची आणि विशेषण साहेबाचे.

सडा पाहायला शिकणे

विसाव्या शतकात मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील दोन जेझुइट धर्मगुरूंनी ही परंपरा पुढे नेली. स्विस फादर ब्लॅटर ह्यांनी चार्ल्स मॅक्कान ह्यांच्यासह अनेक नव्या जाती वर्णिल्या. स्पॅनिश फादर सांतापाव ह्यांनी एकट्या खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९५३ मध्ये दिला आणि ते पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले, आणि पगारी अभ्यासक प्रथमच पावसाळ्यात डोंगर चढू लागले. एम. वाय. अन्सारी, के. हेमाद्री, बी. जी. कुलकर्णी ह्या मंडळींनी १९६० आणि ७० च्या दशकांत नव्या जातींची जी रांग लावली ती पाहिली की आधीचे ‘दारिद्र्य’ वनस्पतींचे होते की पाहणाऱ्यांचे, असा प्रश्न पडतो.

ह्या शोधपरंपरेचा कळस म्हणता येईल अशी घटना १९९४ ची. शिवाजी विद्यापीठाचे एस. आर. यादव आणि गोवा विद्यापीठाचे एम. के. जनार्थनम् ह्यांनी सिंधुदुर्गातील सड्यावरून एका बोटाच्या पेराएवढ्या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ‘ट्रिथुरिया कोंकणेन्सिस’. पावसाळी डबक्यांच्या काठी ती उगवते आणि पाणी आटले की संपते. ह्या प्रजातीचे इतर सगळे नातलग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथले. त्या वेळी ह्या कुलाला गवतांचा आणि लव्हाळ्यांचा दूरचा भाऊबंद मानत असत. २००७ मध्ये जनुकीय तुलनेतून असे दिसून आले की ह्या क्षुद्र दिसणाऱ्या वनस्पती कमळ-कुमुदिनींच्या सर्वांत जवळच्या आहेत. म्हणजे सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाच्या अगदी बुडाशी फुटलेल्या फांद्यांपैकी एक मालवणी मुलखातल्या कातळावर पावसाच्या पाण्यात भिजत उभी होती, आणि तिच्यावरून गुरे जात होती.

पुढे आणखी एक गंमत झाली. ऑस्ट्रेलिया आणि भारत हे एकेकाळी एकाच महाखंडाचे भाग होते, तेव्हा ही तिथपासूनची ठेव असेल अशी कल्पना सहज सुचते. काळाचा हिशेब मांडणाऱ्या नंतरच्या अभ्यासाने मात्र ती फेटाळली. भारतातली जात ऑस्ट्रेलियाकडून फार नंतर, समुद्र ओलांडून आली असावी असे त्यातून दिसते. कुल अतिप्राचीन, पण कोकणातला मुक्काम अलीकडचा. पाहुणी म्हणून आलेली वनस्पती प्रदेशनिष्ठ ठरली.

विधान आणि त्याचे वय

‘प्रदेशनिष्ठ’ हे विधान बदलू शकते, हे ह्यातून ध्यानात येते. बोरिवलीच्या नावाने १९५४ मध्ये ‘क्लोरोफायटम बोरिविलिएनम’ ही जात वर्णिली गेली. पुढे ती गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातही मिळाली आणि आज सफेद मुसळी म्हणून शेतात पिकवली जाते. नाव बोरिवलीचे राहिले, निष्ठा राहिली नाही. डी. चटर्जी ह्यांनी १९३९ मध्ये हिशेब मांडला तेव्हा ब्रह्मदेशासह हिंदुस्थानातील द्विदल वनस्पतींपैकी सुमारे ६१ टक्के प्रदेशनिष्ठ ठरल्या होत्या. आज भारतातील सपुष्प वनस्पतींपैकी साधारण चौथा हिस्सा प्रदेशनिष्ठ धरला जातो. वनस्पती पळून गेल्या नाहीत. हिशेबाची सीमा बदलली आणि शेजारच्या देशांतली माहिती वाढली. ‘महाराष्ट्राची प्रदेशनिष्ठ’ असे आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा १९६० मध्ये आखलेली राज्यसीमा त्या झाडाला ठाऊक नाही, हेही लक्षात असू द्यावे. खुद्द शिंदळ माकडीची फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती आता ‘बुसेरोसिया’ ह्या मोठ्या प्रजातीत विलीन केली जाते. एकही रोप न मरता सह्याद्रीने एक प्रदेशनिष्ठ प्रजाती गमावली.

तरीही ह्या सगळ्या दुरुस्त्यांनंतर जे उरते ते ठाम आहे. उत्तर सह्याद्रीची स्वतःची म्हणता येईल अशी वनस्पतिसंपदा मुख्यतः उघड्या खडकावर आहे. इथेच आपल्याला दुसऱ्या एका नोंदवहीकडे वळावे लागते.

दुसरी नोंदवही

ग्रॅहॅम आपली सूची करत होते त्याच दशकात, १८३५-३६ मध्ये, इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांची जमीनमोजणी सुरू झाली. पुढे तीच पद्धत मुंबई इलाखाभर गेली. जमिनीची प्रत ठरवताना मातीचा रंग आणि खोली पाहायची, आणि प्रत आण्यांत मांडायची असा त्यात दंडक होता. खोल काळी माती सोळा आण्यांची. खोली कमी होत जाईल तसे आणे उतरत जात. जिथे माती संपते आणि खडक लागतो तिथे आकारणी संपे, आणि नोंद होई ‘पोटखराब’. ह्या दोन सूची, वनस्पतींची आणि महसुलाची, शेजारी ठेवून पाहिल्या तर त्या जवळपास एकमेकींच्या उलट आहेत. जी जमीन सोळा आण्यांची तिच्यावर जगभर सापडणारी पिके आणि जगभर सापडणारे तण. जिची किंमत शून्य, तिच्यावर जगात दुसरीकडे कुठेही न मिळणारी फुले.

हा दोष विंगेट-गोल्डस्मिड ह्यांचा म्हणता येत नाही. त्यांना शेतसारा ठरवायचा होता. पण नोंदवहीतला शब्द त्या कामापुरता राहत नाही, तो पुढे दृष्टी होऊन बसतो. देशातील पडीक जमिनींचा सरकारी नकाशासंग्रह २००० मध्ये प्रथम निघाला. त्यातही उजाड खडकाळ जमीन हा पडीक जमिनीचाच एक वर्ग आहे. पडीक म्हटले की ती ‘वापरात आणणे’ हे कर्तव्य ठरते. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्याच पठारांच्या डबक्यांत ‘वायतुरा’ वाढतो, इंग्रजी वाय अक्षरासारख्या दुभंगलेल्या तुऱ्याची, १९८२ साली साताऱ्याचे नाव देऊन वर्णिलेली जलवनस्पती. कोल्हापूरकडे पठारे खणून बॉक्साइट काढले गेले. कोकणात सुरुंग लावून कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमे लावायची ही रीत रूढ झाली. ह्यातले काहीही दुष्टपणाने झाले नाही. वीज, ॲल्युमिनियम, आंबे, सगळेच हवे आहे. ज्या जमिनीवर काहीच नाही तिथे हे करावे, इतका साधा तो विचार. प्रश्न ‘काहीच नाही’ ह्या शब्दांचा आहे.

कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांसह जागतिक वारशात गेले, आणि सड्यालाही मोल असते हे महाराष्ट्राला प्रथमच मोठ्या प्रमाणावर कळले. पण एका पठाराचे देऊळ केल्याने बाकीच्यांचा प्रश्न सुटत नाही. प्रदेशनिष्ठता ही बेटाबेटांवर विखुरलेली असते, आणि कास वाचले म्हणून हरिश्चंद्रगडाचे कंदीलपुष्प किंवा मालवणच्या डबक्यातली ट्रिथुरिया वाचत नाही. दुसऱ्या बाजूला, पठार म्हणजे माणसाचा स्पर्श न झालेली पवित्र भूमी असे मानणेही इतिहासाला धरून नाही. शतकानुशतके तिथे गुरे चरली आहेत, वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकली आहे, कोकणच्या कातळावर कुणी अज्ञातांनी हत्ती-मासे कोरून ठेवले आहेत. ही फुले त्या सगळ्यासह टिकली. खडकच उखडला, किंवा त्यावर परकी माती लोटली, तर मात्र ती टिकत नाहीत. चरणारी गाय पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरली जाते. सुरुंगाचा खड्डा विसरला जाण्याइतका काळ आपल्यापाशी नाही.

सातबाऱ्यावरचा ‘पोटखराब’ आणि वनस्पतिसंग्रहालयातल्या कागदावरचे ‘अन्यत्र आढळत नाही’ हे दोन शेरे पुष्कळदा एकाच तुकड्याविषयी असतात, पण ते निराळ्या कचेऱ्यांत, निराळ्या कपाटांत राहतात. भिवाने आणि कानिटकरांनी गोळा केलेल्या नमुन्यांवरची गावांची नावे आजही वाचता येतात. ती गावे, ते गट क्रमांक आणि त्यांवरचे सडे एकमेकांशी जुळवून पाहण्याचे काम फार अवघड नाही. तलाठ्याच्या दप्तरात त्या खडकापुढे एक ओळ वाढवावी लागेल, एवढेच. ती वाढवली जाईपर्यंत शिंदळ माकडी आहे तिथे सुरक्षित आहे, ती तिच्या निष्ठेमुळे नव्हे. शिवनेरीचा कडा इतका उभा आहे की तिथे कलम लावण्याचा विचार अजून कुणाच्या मनात आलेला नाही. सपाट सड्यांना मात्र असा उभा कडा लाभलेला नाही.